सोवळ्यातल्या फोनची पिशवी

मंडळी, ऐका! आज उत्तररंगाला राजा नाही, राक्षस नाही, स्वयंवर नाही. आज आख्यान आहे एका पिशवीचं. वीतभर पिशवी — मोबाइल ठेवायची, क्रोशाच्या सुईनं विणलेली! हसा, हसून घ्या. पुढं हसायला फारसं मिळणार नाही.

पण त्याआधी एक प्रश्न. असं बघा — देवाचा नैवेद्य शेगडीवर आहे, तिकडं देव वाट बघतोय, आणि नेमक्या त्याच क्षणी लेकीनं हाक मारली. तर 'जरा थांब' असं कुणाला म्हणायचं? देवाला, की लेकीला?

ह्या पुढच्या आजी लगेच म्हणाल्या, अहो, देवाला कसं म्हणायचं थांब! आणि तिकडं खांबाशी टेकलेल्या ताई मान हलवतायत, त्यांचं मत उलटं दिसतंय. पेटीवाले, तुमचं काय? पेटीवाले म्हणतात, बुवा, मी आपला सूर धरून बसतो, भांडण तुमचं तुम्ही मिटवा. हुशार माणूस! बरं, उत्तराची घाई नाही. आधी गोष्ट ऐका, मग काय ते ठरवा.

घाटाखाली, नदीच्या काठी एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण त्या गावचा एखादा पाहुणा इथं बसलेला असायचा आणि उद्या मला वाटेत गाठायचा. गावात लक्ष्मीनारायणाचं देऊळ. देवळाचे पुजारी वामनराव, आणि त्यांच्या मंडळी कुमुदकाकू. देवाचा रोजचा नैवेद्य काकूंच्या हातचा. आणि तो हात कसा? तर सोवळ्यातला! आता सोवळं तुम्हाला ठाऊक आहे. पण काकूंचं सोवळं म्हणजे — त्यांच्या कुंपणावर कावळासुद्धा पाय झटकून बसतो, असं गावात म्हणायचे. पहाटे आंघोळ, अंगावर लोकरीची धाबळी, आणि एकदा काकू स्वयंपाकघरात शिरल्या की नैवेद्य देवळात पोचेपर्यंत बाहेरच्या कशालाही हात लावायचा नाही. माणसाला नाही, दाराच्या कडीला नाही. वामनरावांनी चष्मा मागितला तर तो काठीच्या टोकानं पुढं सरकायचा. बिचारे वामनराव! उभ्या जन्मात सकाळच्या वेळी बायकोच्या जवळ म्हणून जाता आलं नाही.

हसलात? मीही हसायचो. पण बाई मोठी मायाळू होती, हे विसरू नका. दुपारी सोवळं सुटलं की हातात क्रोशाची सुई. टीव्हीला विणलेला रुमाल, मिक्सरला झालर, दाराला तोरण, आळीत कुणाचं बाळ जन्मलं की त्याला टोपडं. वामनराव म्हणायचे, मी घरात फार वेळ एका जागी बसत नाही, नाहीतर ही मलाही काहीतरी विणून घालेल! आणि ह्या बाईच्या मांडीला मांडी लावून हे सगळं शिकलेली त्यांची एकुलती एक लेक, मंजिरी.

मंजिरीचं लग्न होऊन ती नागपूरला गेली. जावई श्रीरंग, शांत, भला मुलगा. संसार छान चालला होता. आणि मग पोरीला धाप लागायला लागली. जिना चढायचा म्हटलं की मध्येच बसायची. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप बिघडलीय. शस्त्रक्रिया करू, पण आधी अंगात थोडी ताकद येऊ दे. तोवर प्रवास नाही, दगदग नाही.

काकूंनी काय केलं? आषाढी एकादशीला देवापुढं पदर पसरला. म्हणाल्या, चातुर्मासभर तुझा नैवेद्य माझ्याच हातचा, कडक सोवळ्यात, एक दिवस चुकणार नाही — पण माझ्या लेकीला बरं कर. मंडळी, एवढं नीट ध्यानात ठेवा. लोक मागाहून म्हणाले, काकूंना लेकीपेक्षा सोवळं मोठं. नाही हो! ते सोवळं लेकीसाठीच होतं. आपल्या हातून तसूभर चूक झाली तर पोरीच्या जिवावर बेतेल, ही धास्ती त्या माउलीच्या पोटात होती.

आता अडचण कुठं आली बघा. मंजिरीला बोलायला जमायचं ते सकाळीच. रात्रभर पडून राहिलं की सकाळी जरा दम असायचा. दुपारी औषधांनी गुंगी, आणि संध्याकाळी तोंडातून शब्द फुटायचा नाही. आणि इकडं सकाळी काय? वामनराव देवळात, घरात काकू एकट्या — आणि सोवळ्यात! फोन ओसरीवर. साधा, बटणांचा फोन. तो वाजायचा. काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत यायच्या आणि ओले हात तसेच धरून बघत उभ्या राहायच्या. वाजून वाजून बंद पडायचा. दुपारी आपण लावावा, तर श्रीरंग हळू आवाजात सांगायचा की आत्ताच डोळा लागलाय तिचा.

शेवटी एका दुपारी वामनरावांनी श्रीरंगला खरं कारण सांगून टाकलं, आणि त्यानं ते मंजिरीला सांगितलं. ती रागावली नाही. आईच्याच तालमीतली ना ती! उलट हसली म्हणे, आणि म्हणाली, "एवढंच ना? आईला लोकर चालते."

आता तरुण मंडळींना हे कळणार नाही, म्हणून सांगतो. जुन्या लोकांची समजूत अशी, की सुती कापडाला विटाळ होतो, लोकरीला होत नाही. म्हणून तर सोवळ्यात धाबळी नेसायची. शास्त्र काय म्हणतं ते मला विचारू नका, मी कीर्तन करतो, निवाडे देत नाही. पण काकूंच्या घरात हा कायदा होता. लोकरीतून धरलं तर सोवळ्यात काहीही धरता येतं. मग फोन का नाही?

आणि आजारी पोर पिशवी विणायला बसली! पाठीशी उशा लावून, मांडीवर लोकर घेऊन. आईच्या फोनसारखाच एक जुना फोन घरात होता, त्यावर माप घेतलं. आधी साखळी घातली, मग भोवतीनं मुक्या खांबांच्या ओळी — विणणाऱ्या बायका मान डोलावतायत, त्यांना कळलं — म्हणजे आखूड, घट्ट टाके, बोट आत शिरणार नाही असे. कानाशी आणि तोंडाशी येईल तिथं तेवढी जाळी, आवाज जायला. आणि फोन घ्यायचं जे बटण, बरोबर त्याच्यावर एक फुगीर गाठ! आईनं बघायचंसुद्धा नाही. बोटानं गाठ चाचपायची, दाबायची, बोलायचं. फोन रात्री बाबांनी काढून चार्ज करायचा आणि पहाटे परत आत सारून तोंडाची दोरी आवळायची. आईचा हात लागणार तो फक्त लोकरीला. थोडं विणायची, दम लागायचा, सुई खाली ठेवायची. मग पुन्हा घ्यायची. निरोगी बाईचं एका दुपारचं काम, मंडळी, पण तिला ते कितीतरी दिवस पुरलं.

पिशवी गावाला पोचली. जांभळी, सुबक पिशवी! वामनरावांनी ती देवळातल्या प्रसादासारखी दोन्ही हातांत धरून बायकोपुढं आणली. काकूंचे डोळे भरून आले. पण व्रत होतं ना. बाजारात लोकर म्हणून काय काय विकतात, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. खात्री करायला हवी. आणि खात्री कशी करतात? धागा जाळून. खरी लोकर जळली की केस जळाल्यासारखा वास येतो, आणि राख चिमटीत भुरभुरते. खोटी लोकर जळत नाही, वितळते, आणि तिची कडक गोळी होते.

काकूंनी कात्री घेतली. पण कापायचं कुठं? विणीतला एक टाका कापला की भोक पडणार, आणि ते उसवत जाणार. विणून झाल्यावर धाग्याचं जे टोक उरतं, ते पोरीनं इतकं सफाईनं आत दडवलं होतं की सापडेना. लेकीच्या हातच्या कामाला कात्री लावायचा काकूंना धीर होईना. मग त्यांनी काय केलं? पिशवीच्या तोंडाला जी दोरी होती, तिचं टोक कातरलं आणि समईच्या ज्योतीवर धरलं.

वितळलं! कडक काळी गोळी झाली. वास कसला, तर प्लास्टिकचा.

काकूंनी पिशवी खाली ठेवली. लेकीवर राग नाही हो, जराही नाही. म्हणाल्या, दुकानदारानं माझ्या भोळ्या पोरीला फसवलं. पिशवीत फोन घालून ती त्यांनी ओसरीवरच्या खुंटीला अडकवून टाकली आणि नवऱ्याला बजावलं, "तिला यातलं काही सांगू नका. आजारात विणलंय, जिवाला लागेल." वामनरावांनी तेच केलं. पिशवी फार छान झालीय, आईला खूप आवडली, असा निरोप नागपूरला गेला.

शितावरून भाताची परीक्षा करतात, मंडळी. पण शीत त्याच भांड्यातलं हवं ना? आपण रोज हेच करतो. माणसाच्या गळ्यातली दोरी जाळतो आणि माणूस खोटा म्हणून खुंटीला टांगतो. पण ते असो. पुढं ऐका. निरोप गेला, आणि तिकडं पोरीला काय वाटलं? आता आईकडं पिशवी आहे. आता आई फोन उचलणार.

ती रोज सकाळी फोन लावायची. इकडं खुंटीवर जांभळी पिशवी थरथरायची. नाही उचलला, तर ती श्रीरंगला म्हणायची, आज पुरण असेल, हात भरलेले असतील. दुसऱ्या दिवशी म्हणायची, आज अंगणात असेल. रोज आईच्या वतीनं नवी सबब ती स्वतःच शोधायची.

कार्तिक आला. तुळशीचं लग्न झालं, पौर्णिमा तोंडावर आली. पौर्णिमेला व्रत पुरं व्हायचं आणि लगेच नागपूरची गाडी पकडायची. काकूंनी लेकीसाठी डिंकाचे लाडू वळून डबा भरून ठेवला होता. अशात एका सकाळी खिरीला उकळी फुटत होती, आणि फोन वाजला. वाजून थांबला. पुन्हा वाजला. काकू उंबऱ्यापाशी आल्या. त्या दिवशी काय वाटलं कोण जाणे, उंबरा ओलांडून खुंटीपर्यंत गेल्या. हात पुढं केला. मंडळी, बोटं पिशवीपासून एवढ्यावर होती, एवढ्यावर! तेवढ्यात आत खीर उतू गेल्याचा आवाज आला. काकूंनी हात मागं घेतला आणि त्या फोनला म्हणाल्या, "जरा थांब गं बाळा. नैवेद्य गेला की मीच लावते."

फोन आणखी एकदा वाजला. मग नाही वाजला.

नैवेद्य देवळात गेला. काकूंनी सोवळं सोडलं, पदराला हात पुसले, आणि फोन लावला. तिकडं श्रीरंगच्या शेजारणीनं उचलला. ती बोलेचना, नुसती रडत राहिली. काकूंना काय ते कळलं.

पेटीवाले, बारीक सूर धरा. ही ओवी माझीच आहे, मोडकीतोडकी. गोड मानून घ्या.

दोरी जाळुनी पाहिली। लोकर तशीच राहिली।
हाक दारात वाहिली। कोणी न घेई॥

दोघं नागपूरला पोचले तेव्हा सगळं आटपलं होतं. लेकीचं तोंडही दिसलं नाही. काकू तिच्या पलंगाशी जमिनीवर बसून राहिल्या. बायका आल्या, गेल्या, कुणी चहा पुढं केला, तो तसाच निवला. शेवटी घर रिकामं झालं तेव्हा त्यांनी जावयाला जवळ बोलावलं आणि एवढंच विचारलं, की शेवटी ती काय म्हणाली.

श्रीरंग सांगायला तयार नव्हता. काकूंनी हट्ट धरला, तेव्हा तो म्हणाला, "दवाखान्याची गाडी यायची होती, आई. तेवढ्यात तिनं फोन लावला. कानाशी धरून बसली होती. म्हणाली, वाजतोय... आई जवळच असेल. आता उचलेल, तिच्याकडं पिशवी आहे."

त्या बाईच्या तोंडातून निघून गेलं, "अरे, ती पिशवी लोकरीची नव्हती रे!"

श्रीरंग उठला, कपाट उघडलं, आणि एक लहानशी वस्तू काढून त्यानं सासूच्या मांडीवर ठेवली. काय होतं ते? एका पोरीच्या स्वेटरची बाही! सायीच्या रंगाची, मनगटाशी पट्ट्या असलेली. काकूंनी ती उचलली मात्र, आणि त्यांच्या हातांनी ती डोळ्यांच्या आधी ओळखली. मंजिरी शाळेत जायला लागली तेव्हा पहिल्या थंडीला त्यांनीच तो स्वेटर विणला होता. शुद्ध लोकर, परगावाहून मुद्दाम मागवलेली, आणि विणायच्या आधी धागा जाळून पारखलेली. चिमुरडी मंजिरी शेजारी बसून नाक मुरडत म्हणाली होती, आई, केस जळल्यासारखा वास येतोय! लग्नानंतरही तो स्वेटर तिनं जपून ठेवला होता.

आईची परीक्षा त्या पोरीला तोंडपाठ होती, मंडळी! दुकानातल्या लोकरीचा भरवसा नाही, म्हणून तिनं तो स्वेटर उसवला. लोकर धुतली, पिवळट पडली होती म्हणून आईच्या आवडीच्या जांभळ्या रंगात उकळली, आणि त्या लोकरीची पिशवी विणली. फक्त ही एक बाही उसवली नाही. श्रीरंग म्हणाला, दोरीला लोकर कमी पडत होती, तर मी म्हटलं ही बाही घे. ती नको म्हणाली. "म्हणाली, आईच्या हातचं माझ्याजवळ एवढं तरी राहू दे. दोरीला तर आईचा हात लागायचाच नाही, ती बाबा बांधतील. म्हणून दोरी तेवढी बाजारच्या लोकरीची केली."

काकूंनी वामनरावांच्या खिशातून पिशवी काढून घेतली. लेकीच्या विणकामाच्या डब्यातली कात्री घेतली. त्या दिवशी जो टाका कापायचा धीर झाला नव्हता, तो आज कापला. धागा ओढला, तो सर्रकन हातात आला. लेकीच्याच स्वयंपाकघरात, लेकीच्याच गॅसवर धरला. केस जळाल्याचा वास आला. राख चिमटीत भुरभुरली. आणि मग ती बाई जी रडली — वामनराव सांगत होते, बुवा, मी आयुष्यभर देवापुढं घंटा वाजवली, पण असा आवाज कधी ऐकला नव्हता.

आता एक बारीकसं सांगतो. काकूंच्या घरी सुतक, त्यामुळं त्या दिवसांत नैवेद्य कुणी केला? आळीतल्या कुणाकुणाच्या घरून जायचा. कधी वरणभात, एकदा तर नुसता दहीभात. काय झालं देवाला? उपाशी राहिला? रुसला? काही नाही हो! तसाच हसत उभा होता. एक दिवस खिरीला उशीर झाला असता, तर काय बिघडलं असतं त्याचं?

मी पुढच्या चैत्रात त्या गावी कीर्तनाला गेलो होतो. उतरलो होतो वामनरावांकडंच. सकाळी ओसरीवर बसलो होतो, आत काकू सोवळ्यात नैवेद्य करत होत्या. धाबळीच्या कनवटीला जांभळी पिशवी खोचलेली. कापलेला टाका दुसऱ्या धाग्यानं सांधलेला, दोरी मात्र तीच, कातरलेल्या टोकाची. आणि फोन वाजला. काकूंनी कढई खाली उतरवली, गाठ चाचपली, दाबली, फोन कानाशी धरला. म्हणाल्या, "बोल गं. ऐकतेय मी."

मला वाटलं कुणी नात्यातली असेल. बराच वेळ त्या नुसत्या हं हं करत ऐकत होत्या. फोन झाल्यावर वामनरावांनी माझ्याकडं बघितलं आणि हळूच सांगितलं, की कुणी नव्हतं. कंपनीचा फोन. यंत्रावर भरून ठेवलेला बाईचा आवाज, फोनला नवीन गाणं लावायचं असेल तर एक दाबा, दोन दाबा. दिवसातनं असे कितीतरी येतात, आणि ही एकही अर्धवट ठेवत नाही. त्यांनी एकदा समजावलं होतं, अगं, ते यंत्र आहे, त्याला ऐकू येत नाही. तर काकू म्हणाल्या, आवाज कुणाच्या तरी लेकीचाच असेल की.

तर मंडळी, सुरुवातीचा प्रश्न. जरा थांब, असं कुणाला म्हणायचं? आजी, आता तुम्ही गप्प का? अहो, हा समोर उभा आहे ना, विटेवर — हाच उत्तर आहे. कुणीतरी घरच्या माणसाच्या सेवेत गुंतलं होतं, म्हणालं जरा थांब, आणि हा थांबला. युगं झाली. एकदा तरी कुरकुर केली का? थांबायला सांगावं तर ह्याला सांगावं. त्याला वेळच वेळ आहे. माणसाला नसतो हो! माणूस वाजून वाजून बंद पडतो.

कीर्तनाला बसताना तुम्ही सगळ्यांनी फोन बंद केलेत. शहाणे आहात. पण बंद करायच्या आधी कुणाचा तरी वाजत होता, आणि तुम्ही म्हणालात, नंतर बघू. कुणाची आई असेल, कुणाची बहीण, कुणाचा रुसलेला भाऊ. मला नावं सांगू नका, तुम्हाला ठाऊक आहेत. तबकातली निरांजनं तशीच राहू द्यात, आरती आत्ता नाही. उठा, बाहेर पारावर जा, आणि ज्याला थांबवून ठेवलंय त्याला फोन लावा. सावकाश बोला. हा आणि मी, आम्ही दोघं इथंच उभे आहोत.